दोरीचं दुसरं टोक

तळं आटलं त्या वर्षी घायपात कुजवायला पाणीच उरलं नाही. दोरवाल्याने पानांच्या मोळ्या तळ्याच्या मधोमध नेल्या, जिथे अजून थोडा चिखल होता तिथे पुरल्या, वर दगड ठेवले आणि दवाखान्यात माणूस बघायला जावं तसा तो रोज सकाळी त्या मोळ्या बघायला जाऊ लागला. पानं कुजली नाहीत, वाळली. ठोकून वाख काढायला बसावं तर लांब धाग्यांऐवजी हातात भुसा येई.

"हे वळायचं की चुलीत घालायचं?" बायकोने विचारलं.

"बघू," तो म्हणाला.

बघू हा त्याचा आवडता शब्द. छप्पर गळायला लागलं तेव्हाही तो बघू म्हणाला होता, आणि वाडीतली घरं एकामागून एक कुलूपबंद व्हायला लागली तेव्हाही.

दोर वळायचा तर दोन माणसं लागतात आणि लांबलचक सरळ जागा लागते. एकाने चाक फिरवायचं. दुसऱ्याने कमरेला वाखाचा जुडगा बांधून, चाकाच्या आकड्यात टोक अडकवून, वाख सोडत सोडत मागे मागे जायचं. तोंड चाकाकडे, पाठ जगाकडे. दोरवाला आयुष्यात पुढे जेवढा चालला असेल त्याहून जास्त मागे चालला होता. वाडीत त्याला उलटराव म्हणत. टाचा घट्ट, पोटऱ्या टणक, आणि नुसता उभा राहिला तरी अंग किंचित मागे रेललेलं. नव्या माणसाला वाटे, हा आपल्याला टाळतोय.

चाक बायकोचं. ते घराच्या दाराशी रोवलेलं असे. त्यांच्यात आजाच्या काळापासून तसंच होतं, म्हणजे चाकावरच्या बाईचं चुलीवर लक्ष राहतं आणि मूल रडलं तर उठता येतं. त्यांची मुलगी त्या चाकाच्या घरघरीतच झोपली, मोठी झाली, आणि लग्न होऊन इतकी लांब गेली की फोनवरसुद्धा तिचा आवाज दमून आल्यासारखा वाटे.

चाल, म्हणजे मागे जायची ती वाट, संपली की दोरवाला एवढा दूर असे की चेहरा दिसायचा नाही, नुसता उभा माणूस दिसायचा. हाक पोचायची नाही. म्हणून खुणा दोरीवर. एक ओढ म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. मग पीळ बसेपर्यंत तो तिकडे दोरी ताणून उभा राही आणि ती इकडे चाक धरून बसे. लग्नानंतरचं त्यांचं बहुतेक बोलणं एवढंच होतं आणि तेवढ्यावर संसार निभावला होता.

वाडी भरलेली होती तोवर हे तिला खुपलं नाही. चाकाशी बसलेल्या बाईजवळ जो तो थांबे. पाण्याला निघालेली थांबे, रानातून आलेला थांबे, सुनेवर रुसलेली सासू थांबे आणि पाठोपाठ सूनही थांबे. हात चाकावर, कान माणसांकडे. नवरा लांब उभा आहे याची तिला आठवणही व्हायची नाही. आता वाडीत त्यांचं घर आणि शेजारच्या आत्याचं घर, एवढ्या दोनच चुली पेटत होत्या. दिवसभर चाक फिरवून ती कोणाची तरी वाट बघे, आणि संध्याकाळी येई ती आत्याची शेळी.

त्या उन्हाळ्यात धाकटा दीर शहरातून आला. तिथल्या एका गोदामात तो पोती उचलायचा. आल्या आल्या त्याने भावाला तळ्याकाठी गाठलं.

"दादा, चिखलात काय शोधतोयस?"

"वाख बघतोय."

"वाख तिकडे ट्रक भरून येतो. उंच इमारती बांधतात ना, त्यांना परांचीला दोर लागतात. हातगाड्यांना लागतात. वळणारा माणूस नाही म्हणून रडतात लोक. तू फक्त जागा बघ."

"बघू."

घरी येताच तो चाकाशी बसलेल्या वहिनीकडे वळला. "वहिनी, याला सांगा काहीतरी. हा बघत बघत म्हातारा होईल."

"झालेत की," वहिनी म्हणाली. पण तिचा हात चाकावर थांबला होता. "तुमच्या गल्लीत माणसं असतील ना हो, भावजी?"

धाकटा हसला. "माणसं? वहिनी, आमच्या गल्लीत शिंकलं तर चार घरांतून विचारतात काय झालं म्हणून."

त्या रात्री तिला चांगली झोप लागली.

शहर बघायला जाताना दोरवाल्याने एक जुना दोर गुंडाळून खांद्यावर घेतला. त्याच्या चालीएवढाच लांब दोर होता तो. जिथे हा सरळ ताणून बसेल ती जागा आपली, असं त्याचं साधं गणित. लोक घर बघायला जातात तेव्हा पाणी बघतात, उजेड बघतात, घरमालकाचं तोंड बघतात. हा दोर घेऊन निघाला.

धाकट्याची गल्ली म्हणजे दारासमोर दार. वरून वाळत घातलेले कपडे, खाली सायकली, बादल्या, वाळवणाच्या चटया, आणि मधोमध एक सार्वजनिक नळ. जावेने दारातच दोरवाल्याच्या बायकोला मिठी मारली. "जाऊबाई, या हो! किती वाळलात! तिथे काय वाराच खाता का?" ती जोरात बोलत होती आणि ते ऐकून समोरच्या दारातली शिवणवाली बाहेर आली, तिच्यामागून आणखी दोघी आल्या. शेजारीच, गल्लीच्या तोंडाशी, एक खोली रिकामी होती. भिंतीला ओल होती, खिडकी एका जिन्याखाली उघडत होती. तिने ते काही पाहिलं नाही. तिने दारं मोजली.

"धर," दोरवाला म्हणाला आणि दोराचं टोक तिच्या हातात देऊन मागे चालू लागला.

ती खोलीच्या दाराशी टोक धरून उभी राहिली. शिवणवालीने आपल्या मशीनजवळचं स्टूल ओढून तिला दिलं. "बसा की, उभ्या का? हे काय मोजताय?"

"चाल," ती म्हणाली.

"कसली चाल?"

मग तिने सांगितलं. दोर कसा वळतात, चाक कसं असतं, आकडा कुठे असतो. कितीतरी दिवसांत तिला कोणी काही विचारलं नव्हतं. शिवणवाली मधूनच दाताने दोरा तोडत होती आणि हं हं करत होती. एक बाई म्हणाली, "म्हणजे तुम्ही बसून आणि ते उलटे चालून? बरं आहे बाई, आमच्याकडे तो बसलेला असतो." सगळ्या हसल्या. तिला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले आणि तिने ते पदराने पुसले, धूळ गेल्याचं निमित्त करून.

दुसऱ्या टोकाला काय चाललं होतं ते तिला दिसत नव्हतं. मधे कपडे लोंबत होते.

दोरवाला पाठीने गल्लीत शिरत होता. रिकाम्या माळावर आयुष्यभर उलटं चाललेल्या माणसाला मागे काही असू शकतं याची सवय नव्हती. आधी तो एका ओल्या चादरीत गुरफटला. चादरवालीने खिडकीतून तोंड सोडलं. मग त्याच्या धक्क्याने एक सायकल पडली, तिच्याबरोबर शेजारच्या दोन. "ओ काका, मागे डोळे लावलेत का?" कोणी ओरडलं. तो "हो हो" म्हणत आणखी मागे सरला आणि नळाच्या कट्ट्याला टाच अडकून मागच्या मागे एका भरलेल्या बादलीत बसला. सगळी गल्ली हसली. एका माणसाने हात धरून त्याला उठवलं, पण उठवतानाही तो हसतच होता. धोतर भिजलेलं, हातात दोर तसाच, आणि अजून अर्धा दोर गुंडाळलेला. तसाच तो आणखी मागे सरला आणि त्याच्या पाठीला गल्लीची शेवटची भिंत लागली.

तो परत आला तो सरळ चालत, मान खाली घालून. त्याला असं पुढे चालताना पाहायची तिला सवय नव्हती.

"नाही बसत," तो म्हणाला. कोणाकडेच न बघता त्याने दोर गुंडाळला. शिवणवालीचं हसू ओठात अडकलं. दोरवाल्याच्या बायकोने उठून स्टूल परत दिलं.

"अहो, आखूड दोर वळता येतील की," वाटेत ती हळूच म्हणाली.

"आखूड दोर म्हणजे नाडी. नाड्या वळू का मी?"



दुसरी जागा शहराच्या पार दुसऱ्या अंगाला होती. धाकट्याच्या मुकादमाने सांगितलेली. एका जुन्या बंद गोदामाची लांबच लांब भिंत, तिच्या समोर दुसऱ्या कुठल्या कारखान्याची मागची भिंत आणि दोन्हींच्या मधून एक सरळ बोळ. ट्रकच्या रस्त्याकडून आत शिरलं की लगेच डावीकडे एक खोली, पूर्वी गोदामाचा पहारेकरी राहायचा ती. छप्पर पक्कं, भिंती कोरड्या, दार मजबूत. बाकी बोळात एकही दार नव्हतं, एकही खिडकी नव्हती.

"धर," तो म्हणाला.

तिने टोक धरलं. तो मागे निघाला. या वेळी त्याला कोणी अडवलं नाही. त्याची पावलं हळूहळू आपल्या ठेक्यात आली, खांदे मागे गेले, दोर त्याच्या हातातून सुटत राहिला. तो लहान होत गेला, चेहरा पुसला गेला, नुसता माणूस उरला. दोर ताणला गेला आणि थरथरून स्थिर झाला. बसला.

ती उभी होती तिथे रस्त्यावरून ट्रक जात होते आणि त्यांच्यामागून धूळ येत होती. धाकटा मुकादमाशी बोलायला रस्त्यापलीकडे गेला होता. भिंतीत एक गंजलेला पाइप होता, त्यावर पाखरूदेखील नव्हतं. तिने दोर धरून ठेवला आणि वाट पाहिली. तो तिकडे बराच वेळ उभा होता.

परत आला तेव्हा त्याचं तोंड उजळलं होतं. "झकास! ताणून बसला बघ. आणि तिकडे माणसं आहेत गं. बाजार आहे, एक चहावाला आहे, एक इस्त्रीवाली. बस म्हणाले, चहा पाजला."

"तिकडे," ती म्हणाली.

"अगं, इथलीच माणसं. चांगली आहेत."

वाडी ओस पडत होती तेव्हा हाच माणूस येतील परत, येतील परत म्हणत होता. तिने फार मनावर घेतलं नाही. आपण स्वतः त्या टोकापर्यंत चालत जाऊन बघावं, हे तिला सुचलंच नाही. दोर मोजायचा तर एकाने इकडे राहायचं आणि एकाने तिकडे जायचं. त्यांनी घर मोजलं तेही तसंच. धाकटा आला, घाई करू लागला, आणि तिघं आले तसे ट्रकच्या रस्त्याने परत गेले.

वाडीत परतले त्याच आठवड्यात आत्याचा मुलगा टेम्पो घेऊन आला. आत्या आधी रडली, मग भांडली, मग शेळीला टेम्पोत घेत नाहीत म्हणून पुन्हा रडली. शेवटी शेळीचं दावं तिने दोरवाल्याच्या बायकोच्या हातात दिलं.

"तूही जा गं," आत्या म्हणाली. "इथे राहिलीस तर भिंतींशी बोलायला लागशील. माझं तेच झालं होतं. फक्त तुला सांगितलं नाही."

टेम्पो वळणाआड गेला. शेळी त्या दिशेने बघून ओरडत राहिली. घर खायला उठतं म्हणतात ते तिने नुसतं ऐकलं होतं. त्या दिवशी अख्खी वाडीच खायला उठली. दुपारी तिने उगाच आत्याच्या दाराचं कुलूप ओढून पाहिलं.

संध्याकाळी तो अंगणात टाचांना तेल चोळत बसला होता. त्याने स्वतःहून विषय काढला, हेच मोठं.

"काय करायचं मग?"

"तुम्हीच सांगा."

"तुला ती धाकट्याची गल्ली आवडली ना?"

ती शेळीचं दावं खुंट्याला बांधत राहिली.

"पाहिजे तर तीच घेऊ," तो म्हणाला. "मी धाकट्याबरोबर गोदामात जाईन. पोती उचलेन. काय त्यात?"

तो खरंच म्हणत होता. हेच तिला जड गेलं. नुसतं तोंडदेखलं म्हणाला असता तर तिने चटकन हो म्हटलं असतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. मागे रेललेलं ते अंग पोत्याखाली पुढे वाकलेलं कसं दिसेल, ते डोळ्यांसमोर आणायचा तिने प्रयत्न केला. बादलीत बसलेला, सगळी गल्ली हसत असताना हातातला दोर न सोडणारा माणूस, जावेने नंतर सांगितला होता तो, तिला आठवला. तेव्हा ती स्टुलावर बसून डोळे पुसत होती, आनंदाने.

"लांबची घेऊ," ती म्हणाली. "दोर ताणून बसतो ना तिथे."

"नक्की?"

"हो."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि तेलाची वाटी उचलून आत गेला. पुन्हा एकदा विचारलं असतं तर ती मोकळेपणाने रडली असती. पण एकदा विचारलं की विचारलं, असा तो माणूस.

चाक, आकडा, वाखाच्या उरल्यासुरल्या जुड्या, भांडी आणि शेळी घेऊन ते शहरात आले. शेळी जावेकडे ठेवावी लागली, बोळात चारा कुठला? त्याने पहिल्याच दिवशी पहारीने खड्डे घेतले आणि खोलीच्या दाराशी चाक रोवलं. घराशी, आजापासून होतं तसं.

काम भरपूर निघालं. वाखाचे गठ्ठे येत, वळलेले दोर जात. त्याच्या अंगावर मांस चढलं. खोली कोरडी होती, पाऊस आला तरी एक थेंब आत आला नाही. तक्रार करायला जागाच नव्हती, आणि तक्रार ऐकायला माणूसही. सकाळी तो जुडगा बांधून मागे निघे, लहान होत जाई, आणि मग तिच्यासमोर दोन भिंती आणि मधली दोरी एवढंच उरे. ट्रकवाले रस्त्यावरून जात. कोणाला तिच्याकडे बघायला वेळ नव्हता. एकदा एकाने ट्रक थांबवला तेव्हा तिने लगबगीने पदर सारखा केला. त्याला फक्त पत्ता विचारायचा होता. तिला माहीत नव्हता.

जाऊ एकदा आली. "अख्खं शहर ओलांडून यावं लागतं हो, जाऊबाई," म्हणाली, आणि दोन बस बदलायच्या म्हणून उजेड असतानाच उठली. त्यानंतर निरोपच येत राहिले. शेळी बरी आहे, शिवणवाली विचारत होती, त्या खोलीत कोणी नवं जोडपं आलंय.

ती बोलेनाशी झाली. रात्री तो जेवताना चहावाल्याचं काही सांगे, ती हं म्हणे. भांडण काही नव्हतं. भांडायलाही काहीतरी दोघांत लागतं.

तिला पहिल्यांदा कळलं ते हाताला. दुपारची वेळ होती, एक लांब दोर वळून झाला होता, तो तिकडे पीळ बसायची वाट बघत ताणून उभा होता आणि ती इकडे चाक धरून बसली होती. दोरी थरथरायला लागली. ओढ नव्हती ती, एकही नाही आणि दोनही नाही. बारीक, भरभर, थांबून पुन्हा. तिने बोटं ठेवली. आधी वाटलं वारा. मग वाटलं, बरं नाही की काय त्यांना? ती उठून उभी राहिली. लांब तो दिसत होता, नेहमीसारखा उभा. दोरी पुन्हा हलली आणि एकदम तिच्या लक्षात आलं.

तो हसत होता.

इतक्या वर्षांत दोरीतून तिला हे कधी कळलं नव्हतं. वाडीत त्याच्या टोकाला नुसता माळ होता, तिथे तो कशाला हसेल? हसायची माणसं तिच्या टोकाला असायची. ती खाली बसली. त्यानंतर रोजच तिचा हात दोरीवर असे. सकाळी थोडं हसणं, दुपारी बरंच. दोरी शांत असेल तेव्हा तिला हायसं वाटे आणि मग स्वतःचीच लाज वाटे. नवऱ्याच्या हसण्याचा मत्सर करणारी बाई तिने तोवर पाहिली नव्हती.

एका दुपारी थरथर थांबेचना. काहीतरी फारच गमतीचं चाललं असावं. तिने चाकाची खुंटी घातली, चाक अडकवलं, हात पदराला पुसले आणि बोळात चालू लागली. दोरी कमरेएवढ्या उंचीवर तिच्या शेजारून चालली होती. तिने तिच्यावर हलकी बोटं ठेवली होती, अंधारात भिंतीला धरून जावं तशी. एवढी लांब असते ही चाल, हे तिला आज पायांनी कळत होतं. तो मोठा होत गेला, त्याला चेहरा आला. तो तिच्याकडेच तोंड करून उभा होता, पण मान वळवून शेजारी कोणाशी बोलत होता, एका हातात दोरी, दुसऱ्या हातात चहाचा ग्लास.

बोळाच्या तोंडाशी उजेड होता. बाजार, गाड्या, ताडपत्र्यांची सावली. चहावाल्याचं टेबल, त्याला लागून इस्त्रीवालीचं. तीन-चार माणसं बाकावर. सगळी हसत होती.

"काय पाहिजे, बाई?" इस्त्रीवालीने निखाऱ्यांची इस्त्री उभी करून विचारलं.

तिला पटकन सुचलं नाही. "मी... या दोरीची. त्या टोकाची."

"त्या टोकाला कोणी असतं?" चहावाला म्हणाला. "आम्हाला वाटलं मोटर आहे."

बाकावरची माणसं पुन्हा हसली. वाईट काही नव्हतं त्या हसण्यात. दोरवालाही सवयीने हसू लागला, आणि मधेच थांबला. दोरी त्याच्या हातात एकदम स्थिर झाली.

"ही घरची," तो म्हणाला.

"अहो!" इस्त्रीवाली त्याच्यावर उसळली. "इतके दिवस इथे उभे असता, गावचं तळं सांगितलंत, भावाकडची शेळी सांगितलीत, आणि ही बाई तिकडे चाक फिरवतेय हे एका शब्दाने नाही?"

"कोणी विचारलं नाही," तो म्हणाला. खरं बोलला, त्यामुळे आणखीच कानकोंडा झाला.

चहावाल्याने तिला ग्लास दिला. तिने उभ्यानेच प्यायला. चांगला होता चहा. असा चहा इथे इतके दिवस उकळत होता. ग्लास ठेवून ती आली तशी परत गेली, चाकाची खुंटी काढली आणि राहिलेलं काम पुरं केलं.

रात्रीपर्यंत तिने वाट पाहिली नाही. तो दोर गुंडाळून दारात आला तेव्हाच म्हणाली, "उद्या चाक उचला."

"कुठे?"

"तिकडे. बाजाराच्या तोंडाशी. तुम्ही तिथून इकडे या."

तो गोंधळला. "चाक घराशी असतं."

"कशासाठी?"

"चुलीवर लक्ष राहतं. मूल..."

"चूल पळून जात नाही. आणि मूल आहे का आता रडायला?"

तो बराच वेळ आकड्याशी चाळा करत उभा राहिला. "आमच्यात असं कधी कोणी केलं नाही."

"तुमच्यात शहरात तरी कोण आलं होतं?"

"बघू," तो म्हणाला.

"बघू नाही!" तिचा आवाज भिंतीवर आपटून परत आला आणि ती स्वतःच दचकली. मग हळू म्हणाली, "नाहीतर मी वाडीत जाते. तिथे कोणी नाही म्हणून एकटी होते मी. इथे तुम्ही असून आहे. मोटर म्हणाले मला, आणि तुम्ही हसत होता."

तो आत गेला. जेवला नाही. सकाळी ती उठली तेव्हा दाराशी पहार वाजत होती.

चाकाचे खांब उपटून, खांद्यावर घेऊन त्याने दोन फेऱ्या केल्या. बाजाराच्या तोंडाशी जमीन टणक होती, चहावाल्याने उठून हात लावला. इस्त्रीवालीने आपली ताडपत्री थोडी पुढे ओढून चाकावर सावली केली. दोरवाल्याने आकडा बसवला, जुडगा बांधला, टोक अडकवलं. एक क्षण त्याने मागे वळून बोळाकडे पाहिलं. मग तोंड तिच्याकडे केलं आणि मागे चालू लागला.

तिचं चाक फिरू लागलं तशी माणसं थांबू लागली. हे काय, ते काय, कुठल्या तुम्ही, मुलंबाळं किती? ती सांगत होती आणि हात आपोआप फिरत होता.  दोर पुरा झाला, दोन ओढी आल्या, तिने चाक धरलं. आता पीळ बसायचा.

"बरं आहे तुमचं," इस्त्रीवाली कॉलर दाबत म्हणाली. "तुमचा माणूस उलटा चालून दोर तरी करतो. आमचा सरळ चालायचा, आणि रोज संध्याकाळी गटारातच पोचायचा."

ती हसली. आधी नुसती, मग पोट धरून. कितीतरी महिन्यांचं हसणं एकदम आलं, डोळ्यांतून पाणी वाहिलं, आणि या वेळी तिने ते पुसलंही नाही. हातातलं चाक हललं, आकडा हलला, दोरी थरथरत बोळात पळत गेली.

मग दोन ओढी आल्या.

ती थांबली. चाक तर थांबलेलंच होतं. पुन्हा दोन ओढी आल्या, घाईच्या. तिने डोळे बारीक करून पाहिलं. दोन भिंतींच्या शेवटी, बंद दाराच्या समोर, तो उभा होता. चेहरा नव्हता, नुसता माणूस. त्याच्या मागून धूळ उडाली, एखादा ट्रक गेला असावा.

"काय म्हणतायत?" इस्त्रीवालीने विचारलं.

"थांब म्हणतायत."

"आणि आता कशाला थांब? काय झालं त्यांना?"

"काही नाही," ती म्हणाली. हसू अजून तिच्या श्वासात होतं. "तिकडे कोणी नाही ना."

हळूला खूण होती, थांबला खूण होती. मी हसत होते, काही झालेलं नाही, हे कळवायला त्यांनी कधी खूण ठरवलीच नव्हती. तिने चाक सोडून दोरी हातात धरली. तिकडूनही त्याने धरलेली होती, घट्ट. पीळ बसेपर्यंत दोघांनी ती तशीच धरून ठेवली.